निमित्ताची फुले

सप्टेंबरच्या अखेरीस सातारा जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन निराळे ऋतू चालू असतात. पश्चिमेकडे कासच्या पठारावर तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे यांचे गालिचे अंथरलेले असतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तिथे पर्यटकांची संख्या मोजली जाते, प्रवेशशुल्क घेतले जाते आणि पायवाट सोडणाऱ्याला शिट्टी वाजवून परत बोलावले जाते. पूर्वेकडे, सह्याद्रीने ढग अडवून धरल्यानंतर जे उरते त्यावर जगणाऱ्या माण तालुक्यात, परतीचा पाऊस तेव्हा कुठे उतरू लागलेला असतो. दहिवडीपासून म्हसवडपर्यंत आणि तिथून खाली आटपाडीकडे जाणाऱ्या माळावर तरवड पिवळा होतो, कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे बांधाबांधाने उभे राहतात, सराट्याची इवली पिवळी फुले पुढे पायात मोडणाऱ्या काट्यांची पूर्वसूचना देत जमिनीसरशी पसरतात. या फुलांना तिकीट नाही. त्यांच्यापर्यंत जायला बाईला मात्र काहीतरी कारण सांगावे लागते, आणि ते कारण ‘मला जावेसे वाटले’ एवढेच असून चालत नाही.

प्रश्न किरकोळ वाटेल. केंद्राच्या सांख्यिकी खात्याने केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणाच्या आकड्यांशेजारी तो ठेवला, की तो तसा राहत नाही. घरच्या माणसांसाठी बिनमोल काम करणाऱ्या बायकांची २०१९ साली त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. २०२४ साली हा आकडा २८९ वर आला. त्या पाच वर्षांत गावोगाव नळ आले, गॅसच्या टाक्या आल्या, मिक्सर तर त्याआधीच आले होते, आणि एवढ्या सगळ्यातून हाती पडली ती दहा मिनिटे. (पुरुषांचा आकडा ९७ वरून ८८ वर आला. त्यांचीही नऊ मिनिटे वाचली, याची नोंद कृतज्ञतेने घ्यायला हवी.) यंत्राने काम हलके झाले तर वेळ कुठे गेला, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. तो वेळ बाईला घराबाहेर, पायी, विनाकारण घालवता का येत नाही, हा प्रश्न त्याहून जुना आहे. मराठी मुलखात तो निदान सातवाहनांइतका जुना आहे.

हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही आपल्या भाषेच्या आजीच्या भाषेतली, महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात दरबार जवळजवळ नाही. शेत आहे, नदीकाठ आहे आणि स्वयंपाकघर आहे. एका गाथेतली गृहिणी काजळी लागलेला हात नकळत चेहऱ्याला पुसते आणि नवरा तिच्या तोंडाला डागाळलेल्या चंद्राची उपमा देऊन हसतो. चुलीपाशी राबणाऱ्या बाईचे आपल्या साहित्यातले इतके जुने चित्र दुसरे क्वचितच सापडेल, आणि त्यातही काम तिचे आहे, हसणे त्याचे. दुसऱ्या एका गाथेत गोदाकाठच्या दाट झाडीतल्या, फुलांच्या भाराने जमिनीपर्यंत वाकलेल्या मोहाला एक बाई विनवते, की बाबा, तुझी फुले जरा सावकाश गळू दे. मोहाची फुले वेचणे हे घरचे काम. फुले संपली की काम संपले, आणि काम संपले की घरी परतणे आले. टीकाकारांनी या गाथेमागे ताबडतोब एक प्रियकर उभा केला. ग्रंथाची प्रकृती शृंगाराची असल्याने त्यांना दोषही देता येत नाही. तरीही मला राहून राहून वाटते, की नदीकाठी सावलीत आणखी घटकाभर रेंगाळावेसे वाटणाऱ्या बाईला प्रियकराखेरीज काही कारण असू शकते, ही शक्यताच त्या विद्वानांच्या हिशेबात नसावी. दोन हजार वर्षांनंतर गल्लीतल्या ओट्यावर बसून येणारीजाणारीकडे पाहणाऱ्यांच्या हिशेबातही ती फारशी आलेली दिसत नाही.

यादवकाळात संतांच्या दारी आले, तरी नमुना तोच. जनाबाईच्या कथेत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, तिच्या मागोमाग शेण्या वेचायला रानात जातो. आपण ही कथा भक्ताच्या थोरवीची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण कथेची रचना निरखून पाहावी. नामदेवांच्या घरच्या त्या दासीचे काम कमी करायला घरातले कोणी उठत नाही, त्यासाठी देवाला पंढरपूरचे राऊळ सोडावे लागते. आणि रानात शेण्या वेचणारी एकटी बाई लोककल्पनेलाही सोसत नाही, तिथेही देव सोबत द्यावा लागतो. वारीने या सोबतीला संस्थेचे रूप दिले. माणच्या उत्तरेकडचे डोंगर उतरले की फलटण, आणि तिथून नातेपुते-माळशिरसच्या वाटेने दर आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी पंढरपुराकडे जाते. डोक्यावर तुळस घेऊन अठरा-वीस दिवस घर मागे टाकणाऱ्या हजारो बायका तिच्यात असतात. इरावती कर्वे या वाटेने चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख त्यांनी लिहिला. समाजशास्त्रज्ञाची नजर आणि चालणारीचे पाय एकाच वेळी शाबूत ठेवणारे त्या तोडीचे लेखन मराठीत थोडे. वारीला जाते म्हटले की सासूही अडवत नसे. नुसते ‘चालून येते’ म्हटले असते तर?

या व्यवस्थेचा खरा कळस वारीपेक्षाही पंचांगात दिसतो. श्रावणापासून पौषापर्यंतचे सण आपण व्रतवैकल्ये म्हणून वाचतो. ते बायकांचे रजेचे वेळापत्रक म्हणून वाचून पाहावेत. नागपंचमीला चिरायचे नाही, भाजायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही; धर्माच्या नावाने घरकामावर एवढा स्पष्ट मज्जाव वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही दिवशी नसेल. (पुरणाची दिंडे मात्र उकडावीच लागतात, आणि ती कोण उकडते हे सांगायला नको.) दुपारी वारुळाला जायचे ते घोळक्याने, फेर धरत, झोका खेळत. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी आणायच्या. या भागात गौर म्हणजे मुळात ओढ्याकाठचा तेरडा. लेकीसुना पाणवठ्यावर जातात, तेरड्याची रोपे मुळासकट उपटतात, धुतात, जुडी बांधतात आणि हळदकुंकवाच्या पावलांवरून घरात आणतात. तीन दिवसांत रंग उतरणाऱ्या या रानफुलाला माहेरवाशिणीचा मान मिळावा, यात वनस्पतीची अचूक ओळख आहे आणि माहेरपणाचीही. मग आश्विनात घट बसतात. घटावर रोज एक माळ चढवायची, ती तरवडाची, कारळ्याची, तिळाच्या फुलांची. यातले एकही फूल अंगणात नसते, सगळी माळावर आणि बांधावर. म्हणजे नऊ दिवस रोज सकाळी कोणीतरी बाहेर पडलेच पाहिजे, आणि फुले वेचताना पुढच्या वळणापर्यंत गेले तर ते कोणाला मोजता येत नाही. सूर्य हस्तात आला की हादगा. हे सारे सण नेमके परतीच्या पावसाच्या सुमाराचे, म्हणजे माण जेव्हा वर्षातून एकदाच हिरवा असतो त्या पाच-सहा आठवड्यांतले किंवा त्यांच्या अलीकडचे. पर्जन्यछायेतल्या मुलखाने आपली रजा पावसाच्या हिशेबाने आखली, असे म्हणायला हरकत नाही.

आणि संक्रांतीला कुळकजाईचा सीताबाईचा डोंगर. माणगंगा आणि बाणगंगा या दोन नद्यांचा उगम जिथे मानतात, त्या डोंगरावर सीतामाईला ववसायला माण-फलटणकडच्या बायकांची रीघ लागते. थंडीतल्या त्या चढणीवरून खाली पाहिले तर शाळू पोटऱ्यात आलेला, त्याच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी पिवळ्या-केशरी झालेल्या, जवस पेरला असेल तिथे निळ्या फुलांचा पट्टा. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या राणीच्या नावाने एक दिवस घराबाहेर पडायचे आणि आपापल्या नवऱ्यांच्या आयुष्यासाठी वाण लुटायचे, हा विरोधाभास चढणाऱ्यांना कळत नसेल असे मानणे हा शहाण्यांचा अहंकार झाला. पूजा ही त्या दिवसाची किंमत होती, आणि ती रोखीने चुकवली जात होती.

पण जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या दारावरचा पहारेकरी विसरता कामा नये. ही रजा सवाष्णीची होती. जिचे कुंकू पुसले तिला ववसा नाही, गौर आणायचा मान नाही, घटाची माळ नाही. आणि निमित्त नाही म्हणजे बाहेर पडणे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला विधवा प्रथांविरुद्ध ठराव करायला २०२२ साल उजाडावे लागले, यावरून तो पहारा किती पक्का होता ते समजावे. दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपणारीला तर बाहेर पडायला निमित्ताची गरजच नव्हती. तिचे सारे आयुष्य बाहेर होते. फुलांत उभी राहूनही तिला फूल पाहायला सवड नव्हती.

एकोणिसाव्या शतकाने बाईच्या बाहेर पडण्याला पहिल्यांदा नवे कारण दिले, शाळेचे. याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावची सावित्रीबाई पुण्यात शिकवायला निघे तेव्हा वाटेत अंगावर चिखल आणि शेण पडे, आणि बदलायला दुसरे लुगडे बरोबर असे, हे आपण शाळेत शिकतो. १८५४ साली निघालेल्या तिच्या ‘काव्यफुले’त पिवळ्या चाफ्यावर, जाईच्या फुलावर कविता आहेत, हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. ज्या वाटेवर शेण पडते त्या वाटेवरून जाणाऱ्या बाईला जाई दिसावी, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासाइतकीच महत्त्वाची आहे. त्याच सुमारास इंग्लंडात डोरोथी वर्ड्‌स्वर्थ या बाईच्या आयुष्याची अखेर जवळ आली होती. ती १८५५ मध्ये वारली. ग्रासमिअरच्या घरात भाकरी भाजणे, धुणे, शिवण यांच्या नोंदींतच तिने आपल्या मैलोगणती फिरण्याच्या आणि रानफुलांच्या नोंदी ठेवल्या. १५ एप्रिल १८०२ रोजी तळ्याकाठी तिने भावाबरोबर डॅफोडिल्स पाहिली आणि रोजनिशीत लिहून ठेवली. भावाने त्यावर पुढे जी जगप्रसिद्ध कविता छापली तिच्यात तो एकटाच फिरतो आहे. बहीण कवितेतून गेली, रोजनिशी तिच्या हयातीत छापली गेली नाही. सीमा, धर्म, हवामान सारे वेगळे असूनही फिरणारीची नोंद घरखर्चाच्या वहीत आणि फिरणाऱ्याची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात, ही वाटणी दोन्हीकडे सारखीच निघाली.

आपल्याकडेही याहून निराळे घडले नाही. माणदेशाचा माळ मराठी वाचकाला दाखवला तो व्यंकटेश माडगूळकरांनी. १९५५च्या ‘बनगरवाडी’त पहाटेच्या अंधारात माळ तुडवत निघालेला तरुण मास्तर आपल्या साऱ्यांच्या ओळखीचा आहे, आणि त्या पुस्तकाचे ऋण कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. पण त्या माळावरून हिंडताना बाईला तो कसा दिसला असता, हे पुस्तक आपल्याकडे नाही. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, दोन पुस्तके आली. स. आ. जोगळेकरांनी सिद्ध केलेली गाथासप्तशती, जिच्यामुळे ती मोहाखालची बाई मराठी वाचकाच्या आवाक्यात आली. आणि दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’, ज्यात एक बाई कोणाचीही परवानगी, कोणतेही व्रत वा वाण मध्ये न आणता बारा महिन्यांची झाडेफुले पाहते आणि पाहिले ते लिहिते. एकाच वर्षी विनवणारी आणि न विनवणारी अशा दोघी शेजारी येऊन बसल्या, याची आपल्या समीक्षेने दखल घ्यायला हवी होती.

त्या वर्षांत गावे बदलत होती. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे जाते थांबले. जात्यावर उरफोड होती; तिचे कौतुक दळावे न लागलेल्यांनीच फार केले. तरीही जात्याबरोबर ओवी गेली. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या गोळा कराव्या लागल्या यातच त्या संपत आल्याची कबुली आहे. आमच्या आत्याच्या घरी जात्याची खालची तळी आता न्हाणीपाशी पायरी म्हणून बसवली आहे. पाय देताना मधल्या खुंट्याचे भोक अंगठ्याला लागते. गिरणीने दळण घेतले, पण गिरणीत नंबर लावून बसलेल्या बायकांच्या गप्पांनी ओवीची जागा थोडीफार भरली. मग घरगुती चक्की आली आणि तो नंबरही गेला. पाण्याचे तेच. चुंबळीवर हंडा घेऊन दीड-दोन कोस चालणे हा छळ होता आणि तो संपला हे उत्तमच झाले. पण दारात नळ आला तेव्हा पाणवठ्याबरोबर पाणवठ्याची वाटही बंद झाली. सरपण गेले, रान गेले. प्रत्येक सुधारणेने कष्ट उचलून नेले आणि जाताना बाहेर पडायचे निमित्तही नेले. मोकळी झालेली घटका घरातच दुसऱ्या कामाने भरली. सुधारणा करणाऱ्यांनी कष्ट मोजले होते. निमित्त मोजायचे असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुष्काळांनीही हेच केले, उलट्या बाजूने. १८७६-७८च्या दुष्काळाच्या आठवणीला म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव अजून उभा आहे; १९७२ मध्ये पुन्हा खडी फोडायला बायकाच मोठ्या संख्येने गेल्या, आणि त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. २०१२-१३ मध्ये म्हसवडला जनावरांची छावणी पडली, तेव्हा गुरांपाठी बायका महिनोन्‌महिने घराबाहेर राहिल्या. संकट आले की माणची बाई बाहेर, संकट सरले की आत. या आतबाहेरच्या फेऱ्यातून तिने काही कमावलेही. म्हसवडला १९९७ साली बायकांची सहकारी बँक उभी राहिली, ती निरक्षर सभासदांमुळे परवाना आधी नाकारला गेल्यानंतर त्यांनी अक्षरे गिरवून दाखवल्यामुळे. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तेव्हापासून माणच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या पोरी दिसल्या तर कोणी टोकत नाही. पोलिस भरती, स्पर्धा, पदक. कारण भक्कम आहे. त्याच रस्त्याच्या कडेने त्यांच्या आया डोक्याला टॉवेल गुंडाळून, डॉक्टरांनी शुगर सांगितली म्हणून चालतात. व्रताची जागा रोगाने घेतली, एवढाच काय तो युगबदल.

आणि आता माळच उरेल की नाही, हा नवा प्रश्न आहे. इंग्रजी मोजणीने ज्या गवताळ जमिनींना ‘पडीक’ म्हटले, तो शब्द आपण सातबाऱ्यावर जसाचा तसा चालवला आणि पडीक म्हणजे निरुपयोगी असे मानत गेलो. डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या आल्या. उरमोडी, जिहे-कठापूर आणि टेंभूचे पाणी जसजसे पोचले तसतसे बांध फोडून डाळिंब आणि ऊस आला. पाणी नको म्हणणारा माणदेशात जन्मलेला नाही आणि मीही म्हणणार नाही. पण तणनाशक मारलेल्या बांधावर कुर्डू उगवत नाही, आणि तेरड्याची जुडी आता गौरीच्या आदल्या दिवशी बाजारात विकत मिळते. पश्चिमेकडच्या पठारावरचे फूल वारसा ठरले म्हणून राखले गेले. पूर्वेकडचे फूल कोणत्या यादीत नाही, त्याची यादी फक्त बायकांच्या सणांत होती.

गेल्या नवरात्रात दहिवडीच्या पुढे एका ओढ्यापाशी गाडी थांबवली होती. साठीच्या पलीकडची एक बाई माळ उतरून येत होती. ओच्यात तरवडाची फुले, वर कुर्डूचे दोन-चार तुरे खोचलेले, आणि हातात विळा. गवत कुठे कापलेले दिसेना. आसपास कापण्याजोगे गवतही नव्हते. मी विचारले, मावशी, वैरणीला गेला होता का? तिने विळ्याकडे पाहिले आणि हसली.

“न्हाय वं. हातात काय नसलं की लोकं इचारत्यात, कुनीकडं चाललीस म्हून.”

विळ्याचे पाते गंजलेले होते.